ओळखीची माणसं किती? मोजायची रीत, पायरी पायरीने

‘तुम्ही किती माणसांना ओळखता?’ असं कुणालाही विचारा. ‘असतील की शे-दोनशे’, ‘अहो, सगळा तालुका ओळखतो’, अशी उत्तरं येतात. यातलं एकही मोजून दिलेलं नसतं. आता त्याच माणसाला विचारा, ‘तुमच्या ओळखीत वंदना नावाच्या बायका किती?’ माणूस थांबतो, बोटं दुमडायला लागतो. एक शेजारची, एक बँकेतली, एक मामेबहीण. तीन. या उत्तरावर हिशोब उभा राहतो. ओळखी मोजण्याचं सगळं तंत्र एवढ्यावरच आहे: मोठा प्रश्न विचारायचा नाही. मोजता येतील असे छोटे प्रश्न विचारायचे आणि मोठा आकडा गणिताने काढायचा.

हा लेख तीन प्रकारच्या वाचकांसाठी आहे: समाजशास्त्राचे विद्यार्थी, सर्वेक्षण करणाऱ्या संस्थांमधले नवे कार्यकर्ते, आणि आपलं ओळखींचं जाळं केवढं आहे याची नीट उत्सुकता असलेली माणसं. उदाहरण म्हणून महाराष्ट्रातला एक विधानसभा मतदारसंघ घेतला आहे. त्याचं कारण पुढे येईल.

आधी ‘ओळख’ म्हणजे काय ते लिहून काढा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे वेळ घालवा. अमेरिकेत या विषयावर काम करणाऱ्यांनी वापरलेली व्याख्या मराठीत अशी बसते: तुम्ही त्या व्यक्तीला चेहऱ्याने किंवा नावाने ओळखता, तीही तुम्हाला ओळखते, गरज पडली तर तुम्ही तिच्याशी संपर्क साधू शकता, आणि गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्ष, फोनवर किंवा लिहून एकदा तरी संपर्क झालेला आहे. शिवाय ती व्यक्ती ठरवलेल्या प्रदेशात राहते.

यातली एकही अट गाळू नका. ‘तीही तुम्हाला ओळखते’ हे गाळलं की आमदार, नट आणि क्रिकेटपटू ओळखीत येऊन बसतात. ‘दोन वर्षांत’ गाळलं तर काय होतं, त्याचं उदाहरण अमेरिकेतच आहे. लिंटन फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८९ साली कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीच्या टेलिफोन डिरेक्टरीतून ३०५ आडनावं निवडली आणि आयुष्यात कधीही ओळख झालेली त्या आडनावांची माणसं किती, असं विचारलं. हिशोब साडेपाच हजारांच्या आसपास गेला. दोन वर्षांची अट घालून पीटर किलवर्थ, ख्रिस्तोफर मॅकार्टी, रसेल बर्नार्ड यांच्या गटाने अमेरिकेत सरासरी काढली, ती सुमारे २९० आली. पुढे टायलर मॅकॉर्मिक, मॅथ्यू साल्गानिक आणि तियान झेंग यांनी २०१० साली जवळपास तशाच व्याख्येवर सुधारित गणित केलं, तेव्हा सरासरी ६११ आणि मध्यक (निम्मी माणसं ज्याच्या खाली आणि निम्मी वर असतात तो आकडा) ४७२ आला. देश तोच, पण व्याख्या आणि गणित बदलल्यावर आकडे इतके हलतात. म्हणून ‘माणूस सरासरी इतक्या जणांना ओळखतो’ असं कुणी सांगितलं की आधी विचारावं, ओळखतो म्हणजे काय?

मराठीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. ‘माहीत असणं’ आणि ‘ओळखणं’ आपण बोलताना सरमिसळ करून वापरतो. ‘ते पाटील माहीत आहेत का तुम्हाला?’ याला ‘हो’ म्हणणारा माणूस त्या पाटलांशी कधी बोललेला नसेलही. प्रश्नात ‘तुमच्या ओळखीचे’ हेच शब्द ठेवा आणि प्रत्येक दोन-तीन प्रश्नांनंतर अट पुन्हा सांगा: ‘म्हणजे तेही तुम्हाला ओळखतात आणि दोन वर्षांत बोलणं झालंय असे.’

घट्ट व्याख्याही चालते. रवांडात २०११ साली झालेल्या एका सर्वेक्षणात अर्ध्या लोकांना साध्या ओळखीबद्दल विचारलं, तर उरलेल्यांना गेल्या बारा महिन्यांत ज्यांच्यासोबत काही खाल्लं-प्यायलं त्यांच्याबद्दल. पहिल्या व्याख्येने सरासरी अडीचशेच्या आसपास गेली, दुसरीने शंभराच्या थोडी वर. घट्ट व्याख्येत माणसं कमी येतात, पण त्यांच्याबद्दल माहिती पक्की असते. आपल्याकडे ही खाण्या-पिण्याची व्याख्या जशीच्या तशी उचलू नये, असं आमचं मत आहे. लग्नाच्या पंगतीत, भंडाऱ्याला, महाप्रसादाला शेजारी बसून जेवलेली अनोळखी माणसं तिच्यात घुसतात. आणि कोण कुणाकडे जेवतो यात जात आणि घरातल्या बाईची मोकळीक दोन्ही आड येतात. वापरायचीच असेल तर ‘पंगत, लग्न, भंडारा सोडून’ हे शब्द प्रश्नातच घाला.

मोबाईलमधले नंबर मोजून का भागत नाही

कारण त्या यादीत ‘गॅस सिलिंडर’, ‘प्लंबर नवा’ आणि ‘सुरेश कुरियर’ असतात, आणि रोज दिसणारा, नावानिशी बोलणारा भाजीवाला नसतो. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये दोनशे जण असले तरी त्यांतल्या दीडशे जणांशी एकदाही बोलणं झालेलं नसतं. मोबाईलची यादी आठवण जागी करायला उत्तम, मोजमाप म्हणून नाही.

नावंच का विचारायची

तत्त्व सोपं आहे. एखाद्या प्रदेशात लाखभर माणसं आहेत आणि त्यांत शंभर वंदना आहेत, म्हणजे हजारात एक. तुमच्या ओळखीत एक वंदना असेल तर तुमच्या ओळखी साधारण हजार असाव्यात. एका नावावर असा निष्कर्ष काढणं वेडेपणाचं. बारा नावांची बेरीज घेतली की तो आधाराला येतो.

नावांऐवजी इतर गटही विचारता येतात: टपाल खात्यात काम करणारे, गेल्या वर्षी दहावीला बसलेले, जुळ्यांचे आईबाप. पण असे गट चिकटून असतात. ज्याच्या घरात दहावीचं मूल आहे तो तीस जणांना ओळखतो, दुसरा एकालाही नाही. तियान झेंग, साल्गानिक आणि अँड्र्यू गेलमन यांनी २००६ साली १,३७० अमेरिकनांच्या उत्तरांवर हेच तपासलं. तुरुंगात असलेली माणसं किती ओळखीची, याची उत्तरं फार असमान पसरलेली होती आणि मायकेल, जेनिफर अशा नावांची बरीच सम. नाव हे वर्तुळावर फारसं अवलंबून नसतं, म्हणून ते चांगलं माप.

नावं निवडताना

पहिला नियम: आडनावं नकोत. अमेरिकेतल्या जुन्या अभ्यासांत आडनावं चालून गेली, महाराष्ट्रात ती जात आणि गाव सांगतात. सिंधुदुर्गातल्या माणसाच्या ओळखीत सावंत किती आणि नागपूरच्या माणसाच्या ओळखीत किती, याचा ओळखींच्या संख्येशी काडीचाही संबंध नाही. एखाद्या वाडीत तर सगळं गावच एका आडनावाचं असतं.

दुसरा नियम आकाराचा. प्रत्येक नावाची माणसं एकूण लोकसंख्येच्या ०.१ ते ०.२ टक्के असावीत. त्याहून मोठं नाव घेतलं तर आठवण दगा देते. संजय नावाचे तीन जण ओळखीचे असतील तर तिन्ही आठवतात, बारा असतील तर सात-आठ आठवतात आणि माणूस थांबतो. नाव फार दुर्मीळ असेल तर उलटं होतं. ते लक्षात राहण्यासारखं असतं, माणूस दहा वर्षांपूर्वीचा वर्गमित्रही ओढून आणतो, आणि बाकीच्यांची उत्तरं शून्य येतात.

तिसऱ्या नियमावर बहुतेक नवखे घसरतात: नावांचा संच एकत्र पाहिला तर तो लोकसंख्येसारखा दिसला पाहिजे. नावाला वय असतं. तुकाराम, पार्वती, शांताबाई म्हटलं की एक पिढी उभी राहते. सुनील, संजय, अनिता, वंदना ही त्यानंतरची. आकाश, प्रतीक, पूजा, ऐश्वर्या ही आणखी पुढची. सगळी नावं मधल्या पिढीची घेतलीत तर पन्नाशीतल्या माणसाच्या ओळखी फुगतील आणि कॉलेजातल्या मुलीच्या आक्रसतील, कारण आपण बहुतेक आपल्याच वयाच्या माणसांत वावरतो. बारा नावांची वाटणी अशी करा: सहा पुरुषांची, सहा बायकांची; प्रत्येक सहात दोन म्हाताऱ्या पिढीची, दोन मधल्या, दोन तरुण. मग त्या नावांच्या माणसांचं वय यादीत पाहून खात्री करा.

धर्माचंही तेच. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुस्लिम साडेअकरा टक्के आणि बौद्ध पावणेसहा टक्क्यांच्या वर होते. तुमच्या मतदारसंघात हे प्रमाण वेगळं असेल, तिथल्याप्रमाणे घ्या. बारातलं एखादं-दुसरं नाव इम्रान किंवा सलमा असलंच पाहिजे. मुंबई-ठाण्यात हिंदी आणि गुजराती घरांतली नावंही लागतील.

चौथी गोष्ट, नाव हाक मारायच्या वापरातलं असावं. यादीत ‘प्रभाकर’ असलेल्या माणसाला अख्खं गाव ‘बंडूकाका’ म्हणतं आणि पुतण्यालाही खरं नाव लग्नपत्रिकेत वाचून कळतं. जुन्या पिढीत लग्नानंतर बायकांचं नाव बदलायची पद्धत होती. माहेरची सुषमा सासरी आणि मतदार यादीत स्नेहा झालेली असते, आणि माहेरची माणसं तिला सुषमाच म्हणतात. यावर पूर्ण उपाय नाही. ज्या नावांना ठरलेली टोपणनावं आहेत ती टाळायची आणि लग्नात हौसेने ठेवली जाणारी नावं संचात घ्यायची नाहीत.

मतदार यादीतून नावांची संख्या काढणं

अमेरिकेत कोणत्या नावाची किती माणसं आहेत हे सरकारी आकड्यांवरून कळतं. आपल्याकडे तशी तयार यादी हाताशी नसते. राज्याची लोकसंख्या घ्यायची तर २०११ च्या ११ कोटी २४ लाखांवर यावं लागतं आणि गटाचा आकडा असतो आजचा. अंश एका वर्षाचा, छेद दुसऱ्या वर्षाचा, असं चालत नाही. मतदार यादीत ही अडचण सुटते: नावाची संख्या आणि एकूण संख्या दोन्ही एकाच कागदावर, एकाच तारखेच्या. म्हणून विधानसभा मतदारसंघ हे सोयीचं एकक. २०२४ च्या निवडणुकीला राज्यात सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार आणि २८८ मतदारसंघ होते, म्हणजे एका मतदारसंघात सरासरी ३ लाख ३७ हजार.

अर्थात मग मोजमाप ‘या मतदारसंघातल्या प्रौढ ओळखी’ एवढ्याचंच होतं. पुण्यात नोकरीला असलेला भाऊ त्यात येत नाही. हे अहवालात पहिल्याच ओळीत लिहा.

राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर याद्या भागनिहाय मिळतात. एका मतदारसंघाचे तीन-साडेतीनशे भाग असतात. सगळे मोजायची गरज नाही. १ ते १० मधला एक आकडा चिठ्ठी टाकून काढा, समजा ४ आला, तर भाग ४, १४, २४, ३४ असे शेवटपर्यंत घ्या. चौतीसेक भाग होतील, साधारण तेवढेच हजार मतदार. मिळालेल्या संख्येला दहाने गुणलं की मतदारसंघाचा आकडा.

बऱ्याच याद्या चित्ररूपात असतात, त्यामुळे संगणकावर नाव शोधून सापडत नाही. डोळ्यांनीच मोजावं लागतं. एका पानावर साधारणपणे तीस चौकटी असतात, तीन उभ्या रांगा, दहा आडव्या ओळी. इथे एक खास महाराष्ट्रातली चूक होते, ती नीट समजून घ्या. चौकटीत असं असतं:

पाटील प्रिया संजय
पतीचे नाव: पाटील संजय रामचंद्र

यात संजय हे नाव दोनदा आलं आहे आणि एकदाही मोजायचं नाही, कारण ही चौकट प्रियाची आहे. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं. त्यामुळे घाईने मोजणारा एका संजयच्या घरात बायको, मुलगा, मुलगी धरून चार संजय मोजतो. मग नावाची संख्या चौपट फुगते आणि ओळखींचा अंदाज चौथाईवर येतो. नियम असा ठेवा: फक्त पहिली ओळ पाहायची, तिच्यात आडनाव आधी आहे की शेवटी हे त्या यादीपुरतं ठरवायचं, आणि मतदाराचं स्वतःचं नाव तेवढंच मोजायचं. लेखन वेगळं असलं (सुनील, सुनिल, ज्योती, ज्योति) तरी एकच नाव धरायचं. ‘सुनीलकुमार’ धरायचं की नाही ते आधी ठरवायचं आणि मग बदलायचं नाही. दोघांनी वेगवेगळं मोजून प्रत्येक भागाची संख्या जुळवून पाहा. कागदावर फक्त उभ्या रेघा मारा. कुणाचं पूर्ण नाव, ओळखपत्र क्रमांक किंवा घर क्रमांक उतरवून ठेवू नका, त्याची गरजच नाही.

चूक किती राहते? नमुन्यात एखादं नाव ४० वेळा आलं तर त्यात साधारण ६ इकडे-तिकडे होऊ शकतात (४० चं वर्गमूळ). बारा नावं मिळून ५२० आले तर २३ इकडे-तिकडे, म्हणजे साडेचार टक्के. एखाद्या नावाची माणसं ठराविक वस्तीत एकवटलेली असतील तर याहून थोडी जास्त धरा.

प्रश्न विचारताना

दहा जणांवर आधी करून पाहा. नावांचा क्रम प्रत्येकाला वेगळा द्या. शेवटच्या नावांपर्यंत माणूस कंटाळतो, आणि तो कंटाळा एकाच नावावर पडायला नको.

आपल्या भाषेची एक सवय इथे आड येते: आपण आकडे जोडीने बोलतो. ‘असतील पाच-सहा’, ‘दहा-बारा तरी’. तसं लिहून घेऊ नका. ‘जरा आठवून सांगा, पाच की सहा?’ असं विचारा, बोटांवर मोजायला लावा. उत्तरांत ५, १० आणि २० चे ढीग दिसायला लागले तर समजा की मोजणी थांबून अंदाज सुरू झाला आहे. ‘कोणी नाही’ म्हणजे शून्य, आणि शून्य हे पक्कं उत्तर आहे. ‘आठवत नाही’ वेगळं नोंदवा. ते शून्यात घातलं की सरासरी विनाकारण घसरते. एका नावाला ३० च्या वर उत्तर आलं तर ते ३० धरायची पद्धत आहे.

नाव विचारल्यावर थोडं थांबून आठवणीला कोपरे दाखवा: घरातले, सासरचे, शेजारचे, कामावरचे, मंडळातले. सगळ्यांना सारखेच कोपरे, सारख्याच शब्दांत. कुणाला जास्त मदत केली की त्याच्या ओळखी जास्त निघतात.

बायकांची नावं हा वेगळाच प्रश्न आहे. पुरुष उत्तर देत असेल तर समोरच्या बिऱ्हाडातली बाई त्याच्यासाठी ‘वहिनी’ असते, खालच्या मजल्यावरच्या ‘जोशीकाकू’, कामाला येणाऱ्या ‘मावशी’ आणि मुलाच्या वर्गातल्या मुलाची ‘ओमची आई’. ओळख पक्की आहे, रोजचं बोलणं आहे, फक्त नाव ठाऊक नाही. त्या सगळ्या जणी मोजणीतून गळतात. म्हणून पुरुष-नावांचा आणि स्त्री-नावांचा हिशोब नेहमी वेगळा करायचा.

हिशोब

पुढचे आकडे फक्त रीत समजण्यापुरते मानलेले आहेत. समजा मतदारसंघात ३,४०,००० मतदार: १,७५,००० पुरुष, १,६५,००० स्त्रिया. निवडलेल्या सहा पुरुष-नावांची मिळून २,६०० माणसं, सहा स्त्री-नावांचीही २,६००. तीनशे जणांना विचारलं. पुरुष-नावांची सरासरी बेरीज ४.५ आली, स्त्री-नावांची २.१.

ओळखीचे पुरुष = ४.५ ÷ २,६०० × १,७५,००० = सुमारे ३०३
ओळखीच्या स्त्रिया = २.१ ÷ २,६०० × १,६५,००० = सुमारे १३३
एकूण सुमारे ४३६

स्त्रियांचा आकडा निम्म्याहून कमी दिसला की उत्तर देणाऱ्यांत पुरुष किती होते ते पाहा. स्त्रियांनी दिलेल्या उत्तरांत ही दरी मिटत असेल, तर ‘वहिनी-काकू’मुळे गळती झाली असं समजायला जागा आहे. ती स्त्रियांच्या उत्तरांतही तशीच राहिली तर नावं निवडण्यात चूक आहे.

एका माणसापुरता हा आकडा किती भरवशाचा? फारसा नाही. बारा नावांची बेरीज ७ आली तर सापेक्ष चूक १ भागिले ७ चं वर्गमूळ, म्हणजे ३८ टक्के. ४३६ ऐवजी खरा आकडा २७० किंवा ६०० ही असू शकतो. बेरीज ५० झाली तर चूक १४ टक्क्यांवर येते, पण त्यासाठी ऐंशी-नव्वद नावं विचारावी लागतील. तीनशे जणांच्या सरासरीत मात्र हा गोंधळ एकमेकांत फिटतो. तिथे उरतो तो माणसामाणसांतला खरा फरक, आणि तो मोठा असतो. सरासरीसोबत मध्यकही द्या, कारण चार-पाच फार ओळखींची माणसं (दुकानदार, शाळेतले गुरुजी, पक्षाचा कार्यकर्ता) सरासरी वर खेचतात.

पडताळा

बारापैकी एक नाव बाजूला ठेवा. उरलेल्या अकरांवरून प्रत्येकाच्या ओळखी काढा आणि त्यावरून बाजूला ठेवलेल्या नावाची माणसं मतदारसंघात किती असावीत याचा अंदाज करा. तो यादीतल्या खऱ्या संख्येशी ताडून पाहा. असं बाराही नावांचं करा. एखाद्या नावाचा अंदाज दीडपट किंवा निम्मा येत असेल तर ते नाव काढून टाकायच्या आधी कारण शोधा. बहुतेक वेळा ते तीनांपैकी एक निघतं: मधलं नाव मोजलं गेलं, टोपणनाव जास्त चालतं, किंवा नाव एकाच वस्तीतलं आहे. सगळ्या मोठ्या नावांचे अंदाज कमी आणि छोट्यांचे जास्त येत असतील तर ती आठवणीची चूक. पुढच्या वेळी नावं आकाराने एकमेकांच्या जवळची घ्या.

यादीतही दोष असतात. वारलेल्यांची नावं राहून गेलेली असतात. मुंबई-पुण्याला कामाला गेलेली पोरं गावच्या यादीतच असतात. ग्रामीण मतदारसंघात यामुळे नावांची आणि एकूण मतदारांची संख्या दोन्ही फुगतात.

आणि एखादं आठशे मतदारांचं गाव मोजायचं असेल तर हे काहीच करू नका. तिथे ०.१ टक्के म्हणजे एक माणूस. सरळ गावची यादी वाचून दाखवा आणि ओळखीच्या नावांवर खूण करा. तासाभरात नेमका आकडा हातात येतो.

फक्त स्वतःच्या ओळखी मोजायच्या असतील तर

मग बेरजेची रीत बरी. ओळखींचे कप्पे पाडा: भावकी, आईकडचे, सासरचे, शेजार, शाळा-कॉलेज, सध्याचं काम, जुनं काम, गणेश मंडळ किंवा भजनी मंडळ किंवा दिंडी, बचत गट, मुलांच्या शाळेतले पालक, नेहमीचे दुकानदार-रिक्षावाले-डॉक्टर, आणि ‘कुणाच्या तरी ओळखीतून ओळखीचे’. मॅकार्टी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत अशी बेरीज करून पाहिली, ती नावांच्या पद्धतीशी जुळली, दोन्हीकडे २९० च्या आसपास. प्रत्येक माणूस एकाच कप्प्यात घालायचा; मामेभाऊ ऑफिसातही असेल तर तो नात्यात गेला, ऑफिसात पुन्हा नाही. एकेका कप्प्याला वेगळा कागद आणि वेगळा दिवस द्या, सलग बसलात तर शेवटच्या कप्प्यांवर अन्याय होतो.

आठवणीसाठी घरातच एक उत्तम साधन असतं: शेवटच्या लग्नाची आमंत्रणांची यादी आणि आहेराची वही. फक्त ती घरांची यादी असते, माणसांची नाही. ‘श्री. देशमुख, सहकुटुंब सहपरिवार’ या एका ओळीतल्या किती जणांना तुम्ही व्याख्येप्रमाणे ओळखता ते प्रत्येक घरापुढे लिहा, एक ते सहा काहीही असेल. ज्यांच्याशी दोन वर्षांत बोलणं नाही त्यांच्यावर रेघ मारा.

तिसरी रीत रोजनिशीची. मायकेल गुरेविच यांनी १९६१ च्या आपल्या प्रबंधासाठी २७ जणांना शंभर दिवस रोज कोणाशी संपर्क आला ते लिहायला लावलं होतं. करून पाहायचं असेल तर दर दिवशी फक्त नवी नावं जोडा. सुरुवातीला रोज पंधरा-वीस पडतात, महिन्याभरात दोन-तीनवर येतात, पण शंभराव्या दिवशीही थांबत नाहीत. म्हणजे ही रीत नेहमी कमीच सांगते.

आकडा उलटा फिरवून

या सगळ्या खटाटोपाचं मूळ मेक्सिको सिटीत आहे. १९ सप्टेंबर १९८५ च्या भूकंपानंतर मृतांचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. रसेल बर्नार्ड आणि किलवर्थ यांच्या गटाने विचार केला: मेलेल्यांपैकी कुणी तुमच्या ओळखीचं होतं का, हे शहरातल्या लोकांना विचारलं आणि प्रत्येकाच्या ओळखी किती हे ठाऊक असलं, तर मृतांची संख्या काढता येईल. तेव्हा लक्षात आलं की ‘प्रत्येकाच्या ओळखी किती’ हेच कुणाला ठाऊक नाही.

वरच्या मानलेल्या मतदारसंघात तीनशे जणांच्या ओळखी मिळून १,३०,८०० होतात. त्यांना ‘गेल्या वर्षभरात रस्ता अपघातात हाड मोडलेले ओळखीचे प्रौढ किती?’ असं विचारलं आणि बेरीज ५४० आली, तर ५४० ÷ १,३०,८०० × ३,४०,००० म्हणजे सुमारे १,४००. पोलिसांत न नोंदलेले अपघातही यात येतात.

हे अपघातात चालतं, कारण प्लास्टर लपत नाही. क्षयरोग विचारलात तर आकडा कमीच येणार, कारण लोक आजार सोयऱ्यांपासूनही लपवतात. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं विचारलीत तर शहराच्या मध्यवस्तीत शून्यामागून शून्य येतील आणि तांड्यावर पन्नास-पन्नास. अशा वेळी नमुना आधी वस्तीनिहाय वाटून घ्यायचा, आणि प्रत्येक वस्तीतून तिच्या लोकसंख्येच्या प्रमाणात माणसं विचारायची.